आईमागे बर्फावर

ओल्या फरशीवरून चालतानासुद्धा आपण पदर खोचून, जीव मुठीत धरून पावलं टाकतो. मग पोलादी पाती लावलेले बूट घालून बर्फावर धावायचं, हवेत गिरक्या घेऊन एकाच पायावर उतरायचं, तेही संगीताच्या तालावर, चेहऱ्यावर हसू ठेवून! या खेळाला म्हणतात फिगर स्केटिंग. हिवाळी ऑलिंपिकमधला हा मोठा लाडका खेळ.

२०१० साली हे ऑलिंपिक कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरी भरलं. यजमानांची आशा होती चोवीस वर्षांच्या जोआनी रोशेतवर. क्वेबेक प्रांतातल्या एका चिमुकल्या खेड्यातली ही मुलगी. लेकीचा खेळ बघायला आईवडील मुद्दाम व्हँकूव्हरला आले. अन् पोहोचून काही तास होतात न होतात तोच, २१ फेब्रुवारीला, आई तेरेझ हृदयविकाराच्या झटक्याने गेली. वय अवघं पंचावन्न. ही बातमी लेकीला वडिलांनीच सांगितली.

स्पर्धा दोन दिवसांवर आली होती. माघार घेतली असती तर कुणी बोल लावला नसता. पण आईलाही हेच हवं असतं, असं म्हणून जोआनी बर्फावर उतरली. २३ तारखेला पहिली फेरी झाली. संगीत थांबेपर्यंत तिने स्वतःला सावरलं आणि मग मात्र अश्रूंचा बांध फुटला. प्रेक्षागृह उभं राहिलं होतं. गुण ७१.३६, क्रमांक तिसरा. २५ तारखेच्या दुसऱ्या फेरीनंतरही तो टिकला. कोरियाच्या किम यूनाला सुवर्ण, जपानच्या माओ असादाला रौप्य अन् जोआनीला कांस्य. महिलांच्या एकेरीत कॅनडाच्या मुलीला बावीस वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळालं होतं. समारोपाला देशाचा झेंडाही तिच्याच हाती होता.

पदकाचं कौतुक तर आहेच. पण पुढे तिने जे केलं, ते मला अधिक मोलाचं वाटतं. बायकांच्या हृदयविकाराविषयी जागृती करण्यासाठी तिने आपलं नाव अन् आपलं दुःख दोन्ही पुढे केलं. मग वैद्यकाचा अभ्यास धरला आणि २०२० मध्ये मॅकगिल विद्यापीठातून ती डॉक्टर झाली. करोनाच्या त्या कठीण दिवसांत तिने वृद्धांची सेवाही केली.

मैत्रिणींनो, छातीतली कळ हेच या दुखण्याचं मुख्य लक्षण. पण बायकांमध्ये कधी नुसताच दम लागतो, मळमळतं, घाम फुटतो, पाठ किंवा जबडा दुखतो, विनाकारण गळून गेल्यासारखं होतं. आपण म्हणतो, “पित्त झालंय, जरा पडते.” घरातल्या कुणाला असं झालं असतं, तर आपण तासभरही थांबलो नसतो. तीच घाई स्वतःसाठीही करा. आधी डॉक्टर, मग स्वयंपाक!