प्रयोग कागदावर रचताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

केंब्रिज इंटरनॅशनलच्या ए लेव्हल भौतिकशास्त्रात (विषय क्रमांक ९७०२) पाचवा पेपर प्रयोगकौशल्याचा असतो, पण तो देताना प्रयोगशाळेत पाऊलही टाकावं लागत नाही. वेळ सव्वा तास, गुण ३०, प्रश्न दोन. दुसऱ्या प्रश्नात वाचनं दिलेली असतात आणि त्यांचं विश्लेषण करायचं असतं. पहिल्या प्रश्नात एक सूत्र देतात आणि ते तपासणारा प्रयोग रचायला सांगतात. त्याला १५ गुण. मुंबई-पुण्यात हा अभ्यासक्रम घेणारी मुलं आणि त्यांना शिकवणारे शिक्षक या प्रश्नाला ‘बेभरवशाचा’ म्हणतात. तो तसा वाटतो, कारण त्याच्याभोवती काही गैरसमज पक्के बसले आहेत.

बोलायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण घेऊ. लाकडी मीटरपट्टीचं एक टोक टेबलाच्या कडेला घट्ट आवळलं आहे, दुसऱ्या टोकाला वजन बांधलं आहे. टोक किंचित दाबून सोडलं की पट्टी वर-खाली हलते. सूत्र सांगतं की दोलनकालाचा वर्ग हा पट्टीच्या बाहेर आलेल्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात असतो. त्या प्रमाणाच्या स्थिरांकात वजनाचं वस्तुमान, पट्टीची रुंदी, जाडीचा घन आणि लाकडाचा यंग मॉड्युलस दडलेला आहे. प्रश्न असा: हा संबंध तपासा आणि यंग मॉड्युलस काढा.

गैरसमज १: प्रयोग आधी केलेला असेल तरच उत्तर लिहिता येतं.

वस्तुस्थिती: प्रश्न बहुधा मुद्दामच अनोळखी प्रसंगावर बेतलेला असतो. आपल्याकडे बारावीच्या ३० गुणांच्या प्रात्यक्षिकात ठरलेल्या यादीतला प्रयोग येतो, जर्नल तपासलं जातं, तोंडी परीक्षा होते. इथे यादी पाठ करून भागत नाही. पण लागणारी सगळी सामग्री प्रश्नातच असते. सूत्रात दोनच राशी बदलायच्या असतात, बाकीच्या मोजायच्या किंवा स्थिर ठेवायच्या असतात. पट्टीचा प्रयोग कधीही न पाहिलेल्या मुलाला सूत्र नीट वाचून कळतं की लांबी बदलायची, दोलनकाल मोजायचा, वजन तेच ठेवायचं आणि रुंदी-जाडी एकदाच काळजीपूर्वक मोजून ठेवायची.

गैरसमज २: उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष असं जर्नलसारखं लिहिलं की झालं.

वस्तुस्थिती: गुणांची विभागणी पाहिली की हा समज टिकत नाही. १५ पैकी २ गुण प्रश्नाची मांडणी करण्याला, म्हणजे कोणती राशी स्वतंत्र, कोणती अवलंबी आणि कोणती स्थिर, हे सांगण्याला. ४ गुण वाचनं घेण्याच्या पद्धतीला, ३ विश्लेषणाला. उरलेले ६ गुण सुरक्षिततेसह बारकाव्यांना. सर्वांत मोठा वाटा बारकाव्यांचा आहे आणि जर्नलच्या साच्यात नेमके तेच गळतात.

‘बाकी सर्व गोष्टी सारख्या ठेवल्या’ हे वाक्य मोघम आहे. काय स्थिर ठेवायचं त्याचं नाव घ्यावं लागतं: ‘वजनाचं वस्तुमान स्थिर ठेवीन.’ साहित्याच्या यादीतही ‘योग्य ते उपकरण’ चालत नाही. वस्तुमान तराजूवर मोजायचं, बाहेर आलेली लांबी दुसऱ्या मोजपट्टीने मोजायची, असं प्रत्येक राशीला उपकरण जोडावं लागतं.

गैरसमज ३: आकृती शोभेची असते.

वस्तुस्थिती: आकृती हा पद्धतीचाच भाग आहे. ती पाहून दुसऱ्या कोणाला मांडणी उभी करता आली पाहिजे. आपल्या उदाहरणात टेबल, क्लॅम्प, पट्टी आणि वजन एवढं काढून नाव देणं पुरत नाही. लांबी नक्की कुठून कुठपर्यंत, हे आकृतीत बाणाने दाखवायला हवं. ती क्लॅम्पच्या कडेपासून वजनाच्या मध्यापर्यंत असते. बरीच मुलं पट्टीच्या टोकापर्यंत बाण काढतात. वजनाचा मध्य टोकाच्या आत असेल, तर प्रत्येक लांबीत तेवढीच जास्तीची भर पडते.

गैरसमज ४: उपकरण जितकं आधुनिक, तितकं मोजमाप अचूक.

वस्तुस्थिती: उपकरण निवडायचं ते त्या राशीचा सूत्रातला घात बघून. स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतं म्हणून आपण तितकं अचूक मोजतो असं होत नाही. माणसाला बटण दाबायला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो. एका दोलनाला ०.७ सेकंद लागत असतील, तर एकच दोलन मोजताना ०.२ सेकंदाची चूक म्हणजे जवळजवळ ३० टक्के. २० दोलनं मोजून भागलं तर तीच चूक दीड टक्क्याच्या खाली येते. महागडं घड्याळ न घेताही अचूकता वाढली. दोलनं मोजताना पट्टीच्या माध्य स्थितीजवळ खुणेची सुई उभी करावी. तिथे पट्टीचा वेग सर्वाधिक असतो, त्यामुळे ती खूण केव्हा ओलांडते हे स्पष्ट कळतं. टोकाच्या स्थितीत ती क्षणभर रेंगाळते आणि मोजणी सैल होते.

जाडीचं उलट आहे. सूत्रात जाडीचा घन येतो, म्हणून जाडीतली टक्केवारीतली चूक उत्तरात सुमारे तिप्पट होते. ५ मिलिमीटर जाडी साध्या मोजपट्टीने मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर ती १० टक्के, आणि यंग मॉड्युलसमध्ये ३० टक्क्यांच्या आसपास. ०.१ मिलिमीटर दाखवणाऱ्या व्हर्नियरने चूक ६ टक्क्यांवर येते. ०.०१ मिलिमीटर दाखवणाऱ्या स्क्रू गेजने ती एका टक्क्याच्याही आत राहते. त्यामुळे ‘जाडी स्क्रू गेजने, पट्टीवर वेगवेगळ्या ठिकाणी मोजून सरासरी काढीन, आधी झीरो एरर पाहीन’ हे वाक्य बारकाव्याच्या गुणांवर सरळ हक्क सांगतं.

उत्तम रचना साधनांच्या श्रीमंतीवर अवलंबून नसते, याचा जुना दाखला गॅलिलिओचा आहे. सरळ पडणारी वस्तू त्याच्या काळच्या साधनांनी मोजता येण्यापेक्षा फार वेगाने पडत होती. त्याने उतरती फळी घेतली, तिच्या खाचेतून ब्राँझचा गोळा सोडला आणि गती मंदावली. वेळ मोजायला त्याने भांड्यातून पडणारं पाणी तोललं. हा प्रयोग १६३८ साली छापलेल्या ‘दोन नव्या विज्ञानां’वरच्या त्याच्या ग्रंथात वर्णन केलेला आहे. मोजता न येणारी गोष्ट त्याने मोजता येईल अशा रूपात आणली. प्रयोगरचनेचं मर्म तेच आहे.

गैरसमज ५: पुन्हापुन्हा मोजून सरासरी काढली की सगळ्या चुका जातात.

वस्तुस्थिती: सरासरीने फक्त यादृच्छिक चुका कमी होतात, कधी जास्त तर कधी कमी येणाऱ्या. एकाच दिशेने ढकलणारी चूक सरासरीत जशीच्या तशी राहते. झीरो एरर असलेल्या स्क्रू गेजने शंभर वाचनं घेतली तरी तो तसाच उरतो.

रॉबर्ट मिलिकन यांनी १९१३ साली तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्या शोधनिबंधात ५८ थेंबांची वाचनं होती. काम अत्यंत चिकाटीचं होतं. पण हवेच्या श्यानतेचं वापरलेलं मूल्य किंचित चुकीचं होतं आणि ते प्रत्येक थेंबाच्या गणितात शिरलं. परिणामी उत्तर आजच्या स्वीकृत मूल्यापेक्षा अर्ध्या टक्क्याहून थोडं अधिक कमी आलं. थेंब वाढवून ही चूक सुटणार नव्हती, श्यानताच नीट मोजायला हवी होती. म्हणून उत्तरात ‘प्रयोग पुन्हा करीन’ एवढं लिहून थांबू नये. कोणतं वाचन पुन्हा घेणार, आणि एकतर्फी चूक कशी पकडणार, हे दोन्ही लिहावं.

गैरसमज ६: आलेख सरळ रेषेत आला की संबंध सिद्ध झाला.

वस्तुस्थिती: आधी अक्षांवर काय घ्यायचं ते सांगावं लागतं. दोलनकाल विरुद्ध लांबी असा आलेख वक्र येईल आणि त्यावरून काही सिद्ध होणार नाही. उभ्या अक्षावर दोलनकालाचा वर्ग आणि आडव्या अक्षावर लांबीचा घन घेतला, तर सूत्रानुसार सरळ रेषा यायला हवी आणि ती आरंभबिंदूतून जायला हवी. ‘सरळ रेषा’ एवढंच लिहिणं अपुरं आहे. रेषा सरळ असूनही आरंभबिंदू चुकवत असेल, तर दोन राशी प्रमाणात नाहीत. दिलेल्या सूत्रात वेगळं स्थिर पद असेल, तर रेषेने उभ्या अक्षाला त्याच मूल्यावर छेदावं, असं म्हणायचं.

मग स्थिरांक काढायचा. आपल्या सूत्रात चढ म्हणजे १६ पायवर्ग गुणिले वस्तुमान, भागिले यंग मॉड्युलस, रुंदी आणि जाडीचा घन यांचा गुणाकार. त्यावरून यंग मॉड्युलस एका बाजूला घेऊन पूर्ण सूत्र लिहायचं. ‘चढावरून यंग मॉड्युलस काढता येईल’ हे नुसतं आश्वासन झालं. घातच माहीत नसेल, तर दोन्ही राशींचे लॉगॅरिदम घेऊन आलेख काढावा, त्याचा चढ म्हणजे तो घात.

इथे जाणकार विद्यार्थी आणखी एक गोष्ट लक्षात घेतो. हे सूत्र पट्टीचं स्वतःचं वस्तुमान नगण्य धरतं. म्हणून टोकाचं वजन पट्टीच्या मानाने जड असावं, पण इतकंही नाही की पट्टी फार वाकेल. हे वजन आणि लांबीची मर्यादा आधी एक चाचणी घेऊन ठरवीन, असं लिहिणाऱ्याला प्रयोग डोळ्यांसमोर दिसतो आहे हे परीक्षकाला कळतं.

गैरसमज ७: सुरक्षिततेसाठी ‘ॲप्रन आणि गॉगल घालीन’ पुरतं.

वस्तुस्थिती: धोका आणि उपाय याच प्रयोगातले हवेत. इथे वजन सुटून पायावर पडू शकतं, म्हणून खाली वाळूचा ट्रे ठेवायचा. तापलेल्या तारेच्या प्रयोगात हातमोजे आणि मोजणी झाल्यावर प्रवाह बंद करणं योग्य. दोन्ही ठिकाणी तेच वाक्य चालत नाही.

गैरसमज ८: हे सगळं परदेशी बोर्डापुरतं आहे.

वस्तुस्थिती: आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाडमध्ये ५० पैकी २० गुण प्रयोगाचे असतात आणि त्यासाठी पाच तास दिले जातात. भारताच्या संघाची निवड आणि तयारी मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र करतं. २०१५ साली हे ऑलिम्पियाड मुंबईतच झालं. ऑलिम्पियाडमध्ये प्रयोग हाताने करायचा असतो, पण काय बदलायचं, काय मोजायचं आणि आलेख कशाचा काढायचा हे निर्णय तेच राहतात.

सरावासाठी वेगळं पुस्तक लागत नाही. बारावीच्या जर्नलमधला कोणताही प्रयोग घ्या आणि त्यातल्या प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारा: काय मोजतोय, कशाने मोजतोय, आणि असंच का? तिसऱ्याचं उत्तर जिथे सुचणार नाही, तिथे शिक्षकांना गाठा. रचनेच्या प्रश्नातले बहुतेक गुण त्या ‘का’मध्येच आहेत.