कोळंबीचे टरफल आणि हायड्रोजन

कोळंबी सोलून झाली की टरफले कागदात गुंडाळून घराबाहेर टाकण्याची घाई होते. तासाभरात वास सोसवत नाही. न्हावा-शेवा व उरणच्या कोळीवाड्यांशी ज्यांचा संबंध आहे त्यांना हे सांगावयास नको. याच टरफलाचा उपयोग करून आज देशोदेशींच्या प्रयोगशाळांत हायड्रोजन निर्मितीचे प्रयोग चालू आहेत. मात्र टरफलातून हायड्रोजन निघतो, असा समज कोणी करून घेऊ नये. टरफल देते ते केवळ आसन.

टरफलात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, प्रथिने आणि कायटिन असते. सौम्य आम्लाने पहिले व अल्कलीने दुसरे काढून टाकतात; उरलेल्या कायटिनचे तीव्र, उष्ण अल्कलीत कायटोसन होते. (हे आम्ल-अल्कलीचे पाणी शुद्ध न करता खाडीत सोडले, तर कोळंबीच्याच मुळावर येईल, हे आम्ही येथेच नोंदवून ठेवतो.) कायटोसनच्या लांब साखळीवरील अमिनो गट कोबाल्ट, निकेल किंवा रुथेनियमचे आयन धरून ठेवतात. नंतर क्षपण केले की त्याच जागी धातूचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि सहसा एकमेकांना चिकटत नाहीत.

कण सूक्ष्मच का हवेत? एक सेंटिमीटर बाजूच्या धातूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच १० नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे भरते! अभिक्रिया पृष्ठभागावर घडत असल्यामुळे महागडा धातू चिमूटभर पुरतो.

आता सोडियम बोरोहायड्राइड पाण्यात विरघळवून त्यात या कायटोसनचे मणी सोडले की बुडबुडे वेगाने येऊ लागतात. बोरोहायड्राइडच्या एका रेणूमागे हायड्रोजनचे चार रेणू मिळतात. त्यातील निम्मा हायड्रोजन पाण्यातला असतो. काम झाल्यावर मणी गाळून पुन्हा वापरता येतात, जरी प्रत्येक वेळी त्यांचा जोर थोडाफार ओसरतो.

खरी अडचण भांड्यात मागे उरते. उरलेल्या सोडियम मेटाबोरेटपासून पुन्हा बोरोहायड्राइड करण्यास फार ऊर्जा लागते. याच प्रकारच्या कारणांनी अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २००७ साली वाहनांसाठी हा मार्ग सोडून देण्याची शिफारस केली. तेव्हा बंदरावरील ट्रक यावर धावतील, ही आशा आम्ही दाखवणार नाही. वीज नसलेल्या ठिकाणी न्यावयाच्या लहान इंधन-घटांसाठी मात्र हा मार्ग अद्याप खुला आहे.