माशी दिसली तर डुक्कर दिसत नाही: म्हातारा डोळा, लिव्हर-ॲक्शन रायफल आणि फोकसचं गणित

फोनचा कॅमेरा उघडा. एक अंगठा लेन्सपासून साधारण दहा-बारा सेंटिमीटरवर धरा आणि स्क्रीनवर त्या अंगठ्यावर टॅप करा. अंगठा स्पष्ट, मागची भिंत धूसर. आता भिंतीवर टॅप करा. भिंत स्पष्ट, अंगठा गायब झाल्यासारखा. दोन्ही एकाच वेळी स्पष्ट होत नाहीत, कितीही टॅप करा.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी मोठेबाबांची तक्रार अगदी हीच आहे, फक्त त्यांच्या हातात रायफल असते. त्यांच्याच शब्दांत: "माशी दिसली तं डुक्कर दिसत नाही, न् डुक्कर दिसलं तं माशी गायब." मोठेबाबा ६४ वर्षांचे आहेत. घरात वारशाने आलेली, परवान्यावर नोंदलेली जुनी विंचेस्टर १८९४ आहे. रानडुकरांसाठी वन विभागाची परवानगी मिळाली की परवानाधारक म्हणून त्यांना बोलावणं येतं. त्यांनी मला विचारलं, "तू इंजिनिअर ना, मोबाईलवर पाहून सांग, कोणती दुर्बीण बसवू?" उत्तर शोधताना लक्षात आलं की हा प्रश्न बंदुकीचा कमी आणि ऑप्टिक्सचा जास्त आहे. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्याचंही तेच ऑप्टिक्स आहे.

ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी: लिव्हर-ॲक्शन म्हणजे काउबॉय सिनेमातली रायफल. ट्रिगरभोवतीची कडी खाली ओढायची, रिकामं काडतूस बाहेर पडतं. कडी वर घ्यायची, नवं आत जातं. विंचेस्टर १८९४ चं डिझाइन जॉन ब्राउनिंगचं. भारतात आज परवान्यावर दिसते ती बहुतेक वेळा .३१५ ची बोल्ट-ॲक्शन, पण जुन्या घरांत लिव्हरवाल्या रायफली अजून सापडतात. बेंगळुरूचे शिकारी-लेखक केनेथ अँडरसन .४०५ ची विंचेस्टर १८९५ वापरायचे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचीही तीच आवडती, आणि त्यांची नजर तर फारच अधू होती. १९०९ मध्ये आफ्रिकेत गेले तेव्हा चष्म्यांचे बरेच जादा जोड सोबत घेऊन गेले होते.

तीन अंतरं, एक लेन्स

जुन्या रायफलीवर नेम धरायला दोन गोष्टी असतात: नळीच्या टोकाला माशी आणि तिच्या मागे, नळीवरच, एक खाच. खाचेतून माशी, माशीवर लक्ष्य. म्हणजे डोळ्याला तीन अंतरं सांभाळायची. खाच साधारण ४० सेंटिमीटरवर, माशी ८० सेंटिमीटरवर, लक्ष्य समजा ५० मीटरवर.

चष्म्याच्या दुकानात ज्याला 'नंबर' म्हणतात तो डायॉप्टर म्हणजे १ भागिले मीटरमधलं अंतर. खाचेसाठी २.५, माशीसाठी १.२५, लक्ष्यासाठी ०.०२, म्हणजे जवळपास शून्य. फोन फोकस बदलताना बारीक मोटरने लेन्स पुढे-मागे सरकवतो. आपला डोळा लेन्सचा आकारच बदलतो, स्नायूंच्या जोरावर. दहाव्या वर्षी ही ताकद १२ ते १४ डायॉप्टर असते, चाळिशीत ४-५ उरते, साठीनंतर १ च्या आसपास. लेन्स हळूहळू कडक होते, बाकी काही नाही. म्हणूनच घरचे फोन लांब धरून मेसेज वाचतात.

विशीतला डोळा खाच, माशी, लक्ष्य असा इतक्या झपाट्याने फिरतो की सगळं एकदम स्पष्ट असल्याचा भास होतो. मोठेबाबांच्या डोळ्याला लांबचा चष्मा लावून पूर्ण जोर केला तरी माशीपर्यंतच जेमतेम पोचता येतं. खाच तर हिशेबातच नाही.

माझ्या मते सगळ्या साइट्सची तुलना एकाच प्रश्नावर करावी: डोळ्याला किती अंतरं सांभाळावी लागतात? खाच-माशीत तीन. पीप साइटमध्ये दोन. रेड डॉट आणि दुर्बिणीत एक.

आधी एक टाचणी

साइटवर पैसे घालण्याआधी हे करा. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, एक डोळा झाका आणि त्या भोकातून दूरची पाटी वाचा. चष्म्याशिवाय दिसत होती त्यापेक्षा स्पष्ट दिसली, तर दोष फोकसचा आहे. चष्म्याने किंवा योग्य साइटने सुधारेल. काहीच फरक पडला नाही किंवा आणखी वाईट दिसलं, तर मोतीबिंदू किंवा पडद्याचा त्रास असू शकतो. डोळ्यांचे डॉक्टरही पिनहोल वापरून हेच तपासतात. मोतीबिंदूत लेन्सच गढूळ होते आणि प्रकाश विखुरतो. त्यावर जगातली कुठलीही दुर्बीण उपाय नाही, ऑपरेशन आहे. मधुमेह असेल तर पडद्याची तपासणी टाळूच नका. शस्त्र परवान्याचं नूतनीकरण आता पाच वर्षांनी येतं आणि साठीनंतर पाच वर्षांत डोळा खूप बदलतो, तेव्हा नूतनीकरणाची वाट बघत बसू नये.

मोठेबाबांना भोकातून पाटी स्वच्छ दिसली. डॉक्टरांकडेही उजव्या डोळ्यात चाळिशीचा दोष आणि जुना झालेला नंबर, एवढंच निघालं.

पीप साइट: भोकाची जादू

ते टाचणीचं भोकच रायफलीवर बसवलं की झाली पीप साइट. मागची खाच काढायची आणि डोळ्याजवळ, रायफलीच्या मधल्या लोखंडी भागावर, छोटं भोक असलेली चकती बसवायची. त्या भोकाकडे बघायचं नसतं, त्यातून बघायचं. डोळा आपोआप मध्यभाग शोधतो, कारण तिथे उजेड सर्वांत जास्त असतो. एक अंतर तिथेच कमी झालं.

दुसरा फायदा फोटोवाल्यांना लगेच कळेल. ॲपर्चर लहान केलं की फोकसची खोली वाढते. बहुतेक फोनमध्ये ॲपर्चर बदलत नाही (२०१८ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस९ मध्ये दोन ठेवली होती, एफ/१.५ आणि एफ/२.४), त्यामुळे पोर्ट्रेट मोडमधली धूसरता सॉफ्टवेअर बनवतं. डोळ्यात मात्र बाहुली म्हणजे खरंखुरं ॲपर्चर.

सोपं सूत्र: बाहुलीचा व्यास मिलिमीटरमध्ये गुणिले फोकसची चूक डायॉप्टरमध्ये, बरोबर धूसरपणा मिलिरेडियनमध्ये. एक मिलिरेडियन म्हणजे ५० मीटरवर ५ सेंटिमीटर. बाहुली ४ मिलिमीटर आणि नजर माशीवर असेल, तर ४ × १.२५ = ५. म्हणजे लक्ष्याची कड ५० मीटरवर तब्बल २५ सेंटिमीटर पसरते. आता १.५ मिलिमीटरचं भोक मध्ये आणा: १.५ × १.२५, साधारण १.९. पसारा नऊ-साडेनऊ सेंटिमीटरवर आला.

आता खरी गंमत. नजर माशीवरही नको आणि लक्ष्यावरही नको. मधोमध, म्हणजे ०.६ डायॉप्टरच्या आसपास ठेवली, तर चूक दोन्हीकडे अर्धी होते. पसारा पाच सेंटिमीटरच्याही आत. हे चष्म्याने जमतं: नेम धरणाऱ्या डोळ्यासाठी लांबच्या नंबरात +०.५ किंवा +०.७५ मिळवून एकच नंबर असलेली काच करून घ्यायची. चष्मेवाल्याला सरळ सांगायचं की मला ८० सेंटिमीटर आणि लांबचं, दोन्हींत तडजोड हवी आहे. बायफोकल आणि प्रोग्रेसिव्ह इथे कामाचे नाहीत. रायफलीवर गाल टेकवला की आपण काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बघतो आणि जवळचा नंबर तर खाली असतो.

पीप साइट जुनाट वाटत असेल तर ऑलिंपिक आठवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं. त्या स्पर्धेतल्या रायफलीवर दुर्बीण चालत नाही, मागे भोकाचीच साइट असते. अर्थात ती फार नाजूक आणि महाग.

तोटा एकच, पण मोठा: उजेड. ४ मिलिमीटरच्या बाहुलीसमोर १.५ मिलिमीटरचं भोक म्हणजे प्रकाश साधारण सातव्या हिश्श्यावर. दिवेलागणीला काही दिसत नाही. चकती काढून मोठं भोक ठेवता येतं, त्याला घोस्ट रिंग म्हणतात. मात्र भोक बाहुलीपेक्षा मोठं झालं की फोकसची खोली वाढत नाही. फक्त मागच्या खाचेची कटकट गेलेली असते.

रेड डॉट

इथे एक छोटा एलईडी वक्र आरशाच्या बरोबर केंद्रबिंदूवर ठेवलेला असतो. आरशावरून परतणारे किरण समांतर होतात, म्हणून ठिपका काचेवर नाही तर खूप दूर असल्यासारखा दिसतो. डोळ्याने फक्त लक्ष्याकडे बघायचं, लांबचा चष्मा लावून. म्हाताऱ्या डोळ्यासाठी तत्त्वतः हाच सर्वांत सोपा पर्याय.

पण ठिपका काहींना चांदणीसारखा किंवा स्वल्पविरामासारखा दिसतो, आणि मग दुकानदाराशी वाद. फोन काढा आणि साइटमधून ठिपक्याचा फोटो घ्या. फोटोत गोल असेल तर साइट ठीक आहे, तुमच्या डोळ्यात सिलिंडरचा नंबर आहे. फोटोतही वेडावाकडा असेल तर माल परत करा. ठिपक्याचा आकार एमओएमध्ये लिहिलेला असतो. एक एमओए म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर. ठिपका जितका मोठा तितका लवकर सापडतो आणि तितकंच लक्ष्य झाकतो. बॅटरी संपते हे वेगळं सांगायला नको.

दुर्बीण

दुर्बीण लक्ष्याची प्रतिमा आणि आतली फुली एकाच प्रतलात आणते, म्हणून इथेही अंतर एकच. मागच्या काचेची कडी फिरवून ती आपल्या डोळ्याला जुळवता येते. मोकळ्या आकाशाकडे (सूर्याकडे चुकूनही नाही) धरून फुली काळीकुळकुळीत दिसेपर्यंत फिरवा. सलग बघत राहू नका, डोळा जुळवून घेतो. क्षणभर बघा, नजर हटवा, पुन्हा बघा. जंगलझाडीतल्या अंतरांना १ ते ४ पट पुरे. जास्त पट घेतली की दृश्य अरुंद होतं आणि हाताची थरथर तितक्याच पटीने दिसते.

लिव्हर-ॲक्शनमध्ये अडचण वेगळीच आहे. जुनी विंचेस्टर ९४ रिकामं काडतूस वरून फेकते, म्हणजे थेट दुर्बिणीवर. मार्लिनच्या रायफली १८८९ पासून बाजूने फेकतात, म्हणून ज्यांच्याकडे मार्लिन आहे त्यांना दुर्बीण सहज बसते. शिवाय या रायफलींचा दस्ता नीच असतो. दुर्बिणीसाठी गाल वर उचलावा लागतो आणि नेम दर वेळी वेगळा लागतो. आणि मागचा घोडा दुर्बिणीखाली दबतो. तो अंगठ्याने हळूच खाली घेताना अंगठा निसटला तर गोळी सुटू शकते. घोड्याला बाजूला निघणारी जोडपट्टी मिळते. दुर्बीण लावायची तर ती लावाच.

मग काय बसवलं?

मोठेबाबांना मी पीप साइट सुचवली. कारणं साधी: काडतूस वरून निघतं, म्हणून वर काही नको, आणि रायफलीच्या डाव्या बाजूला साइटसाठीची आटे पाडलेली भोकं आधीच होती, जी जुन्या काळातल्या बऱ्याच ९४ वर कारखान्यातूनच येत. नवं भोक पाडायची वेळ आली नाही. तशी वेळ आली तर घरच्या ड्रिलला हात लावू नका. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती आणि फेरबदलही परवानाधारक कारागिरानेच करायचे असतात. सोबत +०.५ ची एकनंबरी काच. एकूण खर्च रेड डॉटपेक्षा कमी.

एक अट मात्र मी घातली आणि ती त्यांनी कुरकुरत मान्य केली: दिवे लागल्यावर रायफल घरी. साइट फक्त नेम कुठे आहे ते सांगते. तुरीच्या पाट्यात जे हललं ते डुक्कर आहे, जागलीवरचा माणूस आहे की टिपेश्वरकडून आलेला वाघ, हे सांगत नाही. ते डोळ्यानेच ओळखायचं असतं, आणि अंधारात ६४ वर्षांची बाहुली तरुण बाहुलीइतकी उघडतही नाही.

बसवल्यावर पहिल्याच दिवशी रेंजवर गोळ्या ५० मीटरवर २० सेंटिमीटर वर लागल्या. हे अपेक्षित होतं: पीप साइट जुन्या खाचेपेक्षा उंच बसते आणि ती पूर्ण खाली केली तरी पुरत नाही, म्हणून माशी उंच करावी लागते. किती? चूक गुणिले दोन साइट्समधलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर. ०.२० × ०.६५ ÷ ५० = ०.००२६ मीटर. म्हणजे २.६ मिलिमीटर उंच माशी मागवायची. थोडी जास्तच उंच मागवा. घासून कमी करता येते, वाढवता येत नाही.