येलदरी परिसरातील हळद निर्यात आणि शेतीकर्ज

येलदरी हे महाराष्ट्राच्या परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीकाठी वसलेले गाव असून तेथील धरणासाठी ते ओळखले जाते. या धरणाच्या पाण्याचा आधार असलेल्या पूर्णा खोऱ्यात हळद हे प्रमुख नगदी पीक आहे. ही हळद परदेशी बाजारात पोचवताना निर्यातदारांना येणाऱ्या अडचणी आणि या व्यवहाराला कर्ज देणाऱ्या संस्थांच्या अडचणी वरवर वेगळ्या दिसतात. प्रत्यक्षात दोन्हींचे मूळ बऱ्याच अंशी एकच आहे: काढणीनंतरचे तीन-चार महिने.

पार्श्वभूमी

येलदरी धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. तेथील जलविद्युत केंद्राची क्षमता २२.५ मेगावॅट आहे. वीजनिर्मितीनंतर पाणी खालच्या बाजूच्या सिद्धेश्वर धरणात जाते व सिंचनाचे कालवे तेथून निघतात. त्यामुळे कालव्याचा मुख्य लाभ येलदरीच्या शिवारापेक्षा वसमत, परभणी आणि नांदेडकडील भागाला मिळतो. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा निर्माण झाला आणि सिद्धेश्वर व वसमत नव्या जिल्ह्यात गेले. आज राज्यात हळदीच्या लागवडीत हिंगोली जिल्हा आघाडीवर आहे. ‘वसमत हळद’ या नावाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

निर्यातीतील अडचणी

कांद्याच्या निर्यातदाराला सर्वाधिक भीती सरकारी निर्णयाची असते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर बंदी घातली आणि ती मे २०२४ पर्यंत टिकली. हळदीची अडचण वेगळी आहे. तिचा माल बहुधा प्रयोगशाळेत अडतो.

हळद मे-जूनमध्ये लावली जाते आणि साधारण जानेवारी ते मार्च या काळात काढली जाते. ओली हळद शिजवून, उन्हात वाळवून व पॉलिश करून विकली जाते. या प्रक्रियेत वजन सुमारे एक-चतुर्थांश ते एक-पंचमांश उरते. वाळवण्यास दहा ते पंधरा दिवस लागतात. हळकुंडे उघड्या जमिनीवर पसरली असतील किंवा अवकाळी पावसात भिजली तर त्यांवर बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते. युरोपीय संघाने हळदीतील एकूण अफ्लाटॉक्सिनसाठी किलोमागे १० मायक्रोग्रॅम आणि त्यातील बी-१ या प्रकारासाठी ५ मायक्रोग्रॅम अशी कमाल मर्यादा ठेवली आहे. ज्या कीटकनाशकासाठी स्वतंत्र मर्यादा ठरवलेली नाही, त्याचा अंश किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

मर्यादा कठोर आहेत, पण खरी कोंडी माल एकत्र होण्याने होते. बाजार समितीत आलेली हळद आडत्याकडून व्यापाऱ्याकडे जाते आणि अनेक शेतकऱ्यांची पोती एकाच ढिगात मिसळतात. कोणत्या शेतात कोणती फवारणी झाली याची नोंद तेथेच तुटते. स्वच्छ ताडपत्रीवर वाळवलेल्या मालाला आणि मातीवर वाळवलेल्या मालाला दरात पुरेसा फरक मिळत नसेल, तर काळजी घेणाऱ्याचे श्रम वाया जातात. मानांकनाचे नाव वापरायचे तर उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. मिसळलेल्या पोत्यांना या नोंदणीचा उपयोग नाही. मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरही येथून पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे.

कर्जपुरवठ्यातील अडचणी

पीककर्ज मुख्यतः राष्ट्रीयीकृत बँका, महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि विकास सोसायट्यांमार्फत जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक देते. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा व्याजदर ७ टक्के असून वेळेत फेडणाऱ्यास ३ टक्के सवलत मिळते. या सवलतीसाठी जास्तीत जास्त एक वर्षाची मुदत धरली जाते. एप्रिल ते जूनमध्ये उचललेल्या कर्जाची मुदत पुढील एप्रिल ते जूनमध्ये संपते, आणि हळदीची मोठी आवकही याच सुमारास असते. सवलत टिकवण्यासाठी शेतकरी दर पडलेले असताना, परीक्षणाची वाट न पाहता माल विकतो. शेतीला मदत म्हणून आखलेली सवलत अशा रीतीने निर्यातयोग्य मालाचीच साठवण मोडते, हे तिचे दुर्लक्षित वैगुण्य म्हणावे लागेल.

कर्ज देणाऱ्यांच्या बाजूनेही कारणे आहेत. २००८ ची केंद्रीय कर्जमाफी आणि राज्याच्या २०१७ व २०१९ च्या योजनांनी अनेक कुटुंबांना दिलासा दिला, पण पुढील माफीच्या अपेक्षेने हप्ता थांबवण्याची प्रवृत्तीही वाढली, असा बँकांचा आक्षेप असतो. दुष्काळी वर्षांत नियमित फेडणाऱ्यालाही फेड अशक्य होते, हेही तितकेच खरे. येलदरीच्या वरच्या बाजूस बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरण आहे. त्यामुळे कमी पावसाच्या वर्षी खाली किती पाणी येईल याची शाश्वती नसते.

शेतकरी उत्पादक कंपन्यांपुढे तारणाचा प्रश्न उभा राहतो. सातबारा सभासदांच्या नावे असतो, कंपनीच्या नव्हे; शिवाय नव्या कंपनीकडे तीन वर्षांचा ताळेबंद नसतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत अशा कंपन्यांच्या दोन कोटींपर्यंतच्या प्रकल्प कर्जास पतहमी मिळू शकते. हमी मिळाली तरी परदेशी खरेदीदाराची निश्चित मागणी दाखवता न आल्यास निर्यातपूर्व खेळते भांडवल मिळणे अवघडच राहते.

गोदाम तारण

या दोन्ही अडचणींना जोडणारा उपाय म्हणजे मालावरील कर्ज. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू असून तीत हळदीचा समावेश आहे. बाजार समितीच्या गोदामात ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. या मुदतीत शेतकरी पीककर्ज फेडू शकतो आणि माल जपून ठेवता येतो. नोंदणीकृत गोदामांच्या इलेक्ट्रॉनिक पावत्या २०१७ पासून सुरू झाल्या. त्या बँकेकडे तारण ठेवता येतात. मात्र गोदामात आत जाणाऱ्या मालाची आर्द्रता व बुरशी तपासली गेली नाही, तर ती पावती बँकेला माल असल्याचे सांगते, परदेशी खरेदीदाराला त्याची प्रत सांगत नाही.