ड्रॅगन : नाव आणि वस्तू

बीड जिल्ह्यातील माळरानांवर गेल्या काही वर्षांत एक नवे दृश्य दिसू लागले आहे. सिमेंटचे खांब ओळीने उभे असतात, त्यांच्या माथ्यावर सिमेंटची रिंग बसविलेली असते आणि तिच्यावरून निवडुंगाच्या हिरव्या, तीन कडांच्या फांद्या खाली लोंबत असतात. हे ड्रॅगन फळाचे मळे होत. फळाबरोबर 'ड्रॅगन' हा शब्दही खेड्यापाड्यांत येऊन पोहोचला. परंतु ड्रॅगन म्हणजे नेमके काय, याचा उलगडा फारसा कोणी करीत नाही.

नावाची ही चौकशी केवळ करमणुकीची नव्हे. नावाच्या मोहाने शेतकरी भांडवल गुंतवितो आणि नावाच्याच भीतीने तो शेतातील उपकारक प्राण्यावर काठी उगारतो. दोन्ही ठिकाणी नुकसान त्याचेच होते. म्हणून नाव बाजूला सारून मागची वस्तू पाहणे हितावह ठरते.

कल्पनेतील सर्प

ड्रॅगन हा शब्द ग्रीक भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ मोठा सर्प असा आहे. युरोपातील कथांत या सर्पाला पंख व पंजे फुटले, तो तोंडातून आग ओकू लागला आणि धनाच्या राशीवर पहारा देऊ लागला. त्याला ठार मारणारा तो वीर, अशी तेथील समजूत. चीन देशात मात्र ड्रॅगन दुष्ट मानला जात नाही. तो पावसाचा, नद्यांचा आणि राजसत्तेचा स्वामी होय. अवर्षण पडले की तेथील शेतकरी त्याचीच प्रार्थना करीत.

आपल्याकडे हा शब्द नव्हता, पण कल्पना फार जुनी आहे. ऋग्वेदात वृत्र नावाच्या अहीची, म्हणजे सर्पाची, कथा येते. त्याने पाणी अडवून ठेवले होते. इंद्राने वज्राने त्याचा वध केला आणि कोंडलेले पाणी मोकळे झाले. बीडच्या शेतकऱ्याला या कथेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात वर्षाचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर असतो आणि तोही वेळेवर पडेल याची शाश्वती नसते. १९७२ चा दुष्काळ वृद्धांच्या स्मरणात आहे. २०१२ ते २०१६ या काळातील टंचाई तर तरुणांनीही अनुभवली आहे. येथील खरा वृत्र तोच. त्याच्यावर वज्र चालत नाही, पाण्याचे नियोजन चालते. बीड शहराजवळची खजाना विहीर ही त्याची जुनी साक्ष आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या अमदानीत बांधलेल्या या विहिरीतून भूमिगत कालव्यांद्वारे शेतीला पाणी देण्याची योजना होती.

सर्पाला शत्रू न मानता सोबती मानण्याची रीतही आपल्याकडे आहे. नागपंचमीच्या दिवशी शेतकरी जमीन नांगरीत नाही व खणीत नाही. त्या दिवशी सांगितल्या जाणाऱ्या कहाणीत नांगराच्या फाळाने नागाची पिले मरतात आणि शेतकऱ्याच्या घरावर संकट कोसळते. जमिनीखालीही कोणाचे घर असते, हा विचार त्या कहाणीच्या मुळाशी आहे.

शास्त्राने घेतलेले नाव

शास्त्रज्ञांनाही या नावाचा मोह आवरला नाही. उत्तर आकाशातील एका तारकासमूहाला युरोपात ड्रॅगनचे नाव आहे. मराठीत त्याला कालेय म्हणतात. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी ध्रुवाचे स्थान यातील एका ताऱ्याकडे होते. १७५८ साली लिनियस या शास्त्रज्ञाने फासळ्यांवरील कातडी पसरून झाडावरून झाडावर तरंगत जाणाऱ्या सरड्याच्या वर्गाला 'ड्रॅको' हे नाव दिले. त्याच वर्गातील उडता सरडा सह्याद्रीच्या जंगलांत व सुपारीच्या बागांत आढळतो. तो वीतभर लांबीचा असून मुंग्या खातो. आग ओकणाऱ्या राक्षसाचे नाव असे एका निरुपद्रवी जीवाच्या वाट्यास आले.

इंग्रजीत 'ड्रॅगन माशी' म्हणून ओळखला जाणारा कीटक म्हणजे आपला चतुर होय. तिकडच्यांना त्यात राक्षस दिसला, इकडच्यांना शहाणपण दिसले. शेतीच्या दृष्टीने आपले नाव अधिक योग्य आहे. चतुराची पिले पाण्यात वाढतात व डासांच्या अळ्या खातात. मोठा चतुर डास आणि पिकांवरील लहान उडत्या किडी हवेतच पकडतो. पावसाळ्याच्या अखेरीस पिवळसर चतुरांचे थवे शेतावर घिरट्या घालताना दिसतात. त्यांतील एक जात हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेपर्यंत जाते, असे संशोधकांचे मत आहे. शेततळ्यात वा पिकावर कीटकनाशकाचा बेसुमार वापर केल्यास हा फुकटचा मजूर प्रथम नष्ट होतो.

बांधावरची घोरपड

इंडोनेशियातील कोमोडो बेटावर तीन मीटरपर्यंत वाढणारा सरडा आहे. त्याला कोमोडो ड्रॅगन म्हणतात. १९१२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. आपली घोरपड ही त्याचीच लहान भावंड होय. तानाजी मालुसरे यांनी १६७० मध्ये कोंढाणा सर केला, त्या प्रसंगाच्या लोककथेत घोरपडीला मानाचे स्थान आहे. घोरपडे हे आडनावही महाराष्ट्राला परिचित आहे.

इतका मान असूनही घोरपड दिसताच तिच्यामागे कुत्री सोडली जातात. वास्तविक ती आपण होऊन माणसावर चालून जात नाही. किडे, अळ्या, उंदीर, अंडी व मेलेले प्राणी खाऊन ती शेत स्वच्छ ठेवते. तिच्या तेलाने सांधेदुखी बरी होते, या समजुतीस शास्त्रीय आधार नाही. बाजारात 'हत्थाजोडी' नावाची दुर्मिळ मुळी म्हणून धनलाभासाठी जी वस्तू विकली जाते, ती पुष्कळदा मुळी नसून नर घोरपडीचे वाळविलेले जननेंद्रिय असते. येथेही नावानेच फसवणूक होते. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिची शिकार वा तिच्या अवयवांचा व्यापार केल्यास तुरुंगवासाची शिक्षा होते, हे ग्रामसभेत स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

नाग आणि ऊसतोड कामगार

नाग व धामण उंदरांवर जगतात आणि शेतातील व कणगीतील धान्य वाचवितात. तथापि नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप माणसाचा प्राण घेऊ शकतात, हेही तितकेच खरे आहे. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, उसाच्या फडात पहाटेपासून राबतात आणि रात्री पालात जमिनीवर निजतात. सर्पदंशाचा धोका त्यांना सर्वांत अधिक असतो.

अशा वेळी पूजाही उपयोगी नाही आणि काठीही नाही. फडात शिरताना गुडघ्यापर्यंतचे बूट घालावेत. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये. मण्यार रात्री निजलेल्या माणसाला चावते आणि तिचा दंश फारसा दुखतही नाही, म्हणून शक्य तेथे खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून निजावे. दंश झाल्यास रोग्यास धीर द्यावा, चालू देऊ नये, दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने हलणार नाही असा ठेवावा. दोरीने आवळून बांधणे, ब्लेडने कापणे, तोंडाने विष ओढणे हे उपाय घातक आहेत. मांत्रिकाकडे जाण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवून रोग्यास तडक सरकारी रुग्णालयात न्यावे. या चारही विषांवर चालणारी लस तेथे दिली जाते.

फळाचे नाव व फळाचा हिशेब

आता ज्या फळाने हा शब्द गावात आणला, त्याकडे वळू. ड्रॅगन फळ मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी ते व्हिएतनाममध्ये नेले. तेथील भाषेत त्याच्या नावाचा अर्थ 'हिरवा ड्रॅगन' असा होतो. सालीवरील खवल्यांमुळे ड्रॅगनची आठवण होते. जानेवारी २०२१ मध्ये गुजरात सरकारने त्याला कमळावरून 'कमलम' हे नाव दिले. या संदर्भात आपल्या सीताफळाचे उदाहरण बोधप्रद आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचेही मूळ उष्ण कटिबंधातील अमेरिकाच मानतात आणि त्याच्या शास्त्रीय नावातही 'खवल्यांचे' असाच शब्द आहे. त्या खवल्यांत आपल्या लोकांना ड्रॅगन दिसला नाही, त्यांनी सीतेचे नाव दिले. बीडच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परके झाड आपले होते, ते नावामुळे नव्हे, तर मातीस मानवल्यामुळे.

ड्रॅगन फळ येथील मातीस मानवेल काय? निवडुंग असल्याने त्याची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे पाणी कमी उडते. हलक्या, मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत ते येते. पण 'पाण्याशिवाय येणारे पीक' ही जाहिरात खोटी आहे. फुले व फळे धरण्याच्या काळात ठिबकने नियमित पाणी लागतेच. पाणी साचल्यास मुळे कुजतात, म्हणून लागवड उंच वाफ्यावर करावी. बीडचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो आणि त्या उन्हाने फांद्या पिवळ्या पडून करपतात. सावलीची सोय आधीच योजावी.

तीन मीटर बाय तीन मीटर अंतर धरल्यास हेक्टरी सुमारे ११०० खांब व दर खांबास चार याप्रमाणे ४४०० रोपे लागतात. खांब, रिंगा, रोपे व ठिबक यांचा खर्च पहिल्याच वर्षी करावा लागतो आणि उत्पन्न दीड ते दोन वर्षांनी सुरू होते. फूल एकच रात्र उमलते. काही जातींना दुसऱ्या जातीचे पराग लागतात, म्हणून रोपे घेताना याची खात्री करावी. फळ फुलानंतर सुमारे एक महिन्याने तयार होते.

ज्याची जमीन भारी व चिबड आहे, ज्याला कर्ज काढून खांब उभारावे लागणार आहेत, किंवा ज्याच्याजवळ जवळची बाजारपेठ नाही, त्याने प्रथम पाच-दहा गुंठ्यांवरच प्रयोग करावा. अंबाजोगाई व खामगाव येथील कृषी विज्ञान केंद्रांत आणि बारामतीजवळ माळेगाव येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत विचारपूस करावी. अनुदानाची चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लागवडीपूर्वीच करावी, नंतर नव्हे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या नावाचा उपयोग शिकविण्यासाठी करून घ्यावा. शाळेत, चावडीवर वा उसाच्या टोळ्या निघण्यापूर्वी भरणाऱ्या सभेत ड्रॅगनची गोष्ट सांगितली तर लोक आवडीने ऐकतात. त्या गोष्टीच्या ओघात चतुर राखण्याची, घोरपड न मारण्याची, सर्पदंश झाल्यास रुग्णालय गाठण्याची आणि नवे फळ लावण्यापूर्वी हिशेब मांडण्याची सूचना सहज देता येते. शेतकरी बंधूंनी नावाला भुलू नये आणि नावाला भिऊही नये. जमीन, पाणी, जीवजंतू व पैसा ही चार खरी परिमाणे होत, आणि शेतीचा निर्णय त्यांवरच व्हावा.