छातीतील कळ, जिभेखालचा फवारा आणि तज्ज्ञांची तारीख

चढण चढताना किंवा जेवणानंतर झपाझप चालताना छातीत दाटून येते, थांबले की दोन-चार मिनिटांत उतरते, अशी तक्रार घेऊन एखादा गृहस्थ तालुक्याच्या गावच्या दवाखान्यात जातो. तेथील डॉक्टर नाडी पाहतात, रक्तदाब मोजतात, कार्डिओग्राम काढतात, शहरातील हृदयरोगतज्ज्ञांच्या नावे शिफारशीची चिठ्ठी लिहितात, आणि तज्ज्ञांकडची तारीख येईपर्यंत जवळ असावी म्हणून नायट्रोग्लिसरीनच्या फवाऱ्याची एक लहानशी कुपी लिहून देतात. येथपर्यंत सारे यथायोग्य घडलेले असते. परंतु चिठ्ठी आणि तारीख यांच्यामधली जी मुदत असते, कधी चार दिवसांची, कधी महिन्याहून मोठी, तिच्यात त्या कुपीविषयी घरात आणि शेजारीपाजारी जे समज रूढ असतात त्यांचाच अंमल चालतो, आणि त्यांतील काही समज असे आहेत की त्यांपायी माणूस जिवाला मुकतो. म्हणून त्यांचा खुलासा थोडा विस्ताराने करणे मला अगत्याचे वाटते.

सर्वांत घातक समज हा, की फवाऱ्याने गुण आला तर दुखणे हृदयाचे, आणि गुण न आला तर ते पित्ताचे किंवा वायूचे. ही कसोटी दिसायला तर्कशुद्ध आहे, आणि एके काळी वैद्यकीय व्यवसायातही तिच्यावर बराच भरवसा ठेवला जात असे. परंतु प्रत्यक्ष पडताळणीत ती टिकली नाही. अमेरिकेत बाल्टिमोर येथे छातीत दुखते म्हणून दाखल झालेल्या 459 रुग्णांची पाहणी 2003 साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या बाबतीत दुखण्याचे मूळ हृदयाच्या रोहिण्यांत असल्याचे पुढे सिद्ध झाले त्यांच्यापैकी शेकडा 35 जणांना नायट्रोग्लिसरीनने आराम पडला होता, आणि ज्यांच्यात तसा विकार आढळला नाही त्यांच्यापैकी शेकडा 41 जणांना! याची कारणे शरीररचनेतच आहेत. हे औषध रक्तवाहिन्यांच्या भित्तिकांतील स्नायू सैल करते, तसेच ते अन्ननलिकेचे स्नायूही सैल करते; सबब अन्ननलिकेच्या आकुंचनाने उठलेली कळही त्याने शमते. उलट, हृदयाची रोहिणी रक्ताच्या गुठळीने पुरती बंद झाली असेल तर फवाऱ्यामागून फवारे मारूनही कळ ढळत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी घरातील कोणी वडीलधारे माणूस म्हणते, ‘गुण येत नाही, म्हणजे हे गॅसेसच, ओवा द्या, सोडा द्या.’ ज्या लक्षणाने घराबाहेर धाव घ्यायची त्याच लक्षणाचा आधार घेऊन घरी थांबण्याचा हा प्रकार आहे. फवाऱ्याचा गुण हे निदान नव्हे, एवढी एक गोष्ट मनावर ठसली तरी या लेखाचे निम्म्याहून अधिक काम झाले असे मी म्हणेन.

मग हे औषध करते तरी काय? पुष्कळांची कल्पना अशी असते की ते रोहिणीतील अडथळा विरघळवते, गुठळी फोडते, ‘ब्लॉकेज मोकळे करते’. यांतले काहीही ते करीत नाही. शरीरात शिरल्यावर त्यातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू निर्माण होतो, आणि तो रक्तवाहिन्यांना सैल होण्याचा संदेश देतो. या वायूचे शरीरातील कार्य उलगडून दाखविल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन शास्त्रज्ञांना 1998 साली नोबेल पारितोषिक मिळाले. हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्या या औषधाने काहीशा रुंदावतात हे खरे. परंतु मुख्य परिणाम सर्व शरीरातील नीलांवर होतो. नीला सैल झाल्या की रक्त त्यांच्यात साठून राहते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, हृदयावरचा भार हलका होतो, आणि भार हलका झाल्यामुळे अपुऱ्या रक्तपुरवठ्यातही त्याचे भागते. हा आराम खरा असतो, पण तो अर्ध्या तासाच्या आसपास टिकतो, आणि रोहिणीतील अडथळा जागच्या जागीच राहतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना ही औषधे सर्रास दिल्याने मृत्यू टळतात काय, हे 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील ‘गिसी-3’ आणि 1995 मधील ‘आयसिस-4’ या प्रचंड चाचण्यांत तपासले गेले. दुसऱ्या चाचणीत तर अठ्ठावन्न हजारांहून अधिक रुग्ण होते. मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडलेला आढळला नाही. झटक्यात प्राण वाचविणारे उपाय म्हणजे गुठळी विरघळविणारे इंजेक्शन किंवा तातडीची अँजिओप्लास्टी. ते रुग्णालयातच होतात, आणि जितका उशीर होईल तितका हृदयाचा स्नायू कायमचा निकामी होत जातो.

म्हणूनच फवाऱ्याच्या वापरात घड्याळाला एवढे महत्त्व आहे. डॉक्टरांनी वेगळा हुकूम दिला नसेल तर सर्वसाधारण रीत अशी, की छातीत कळ आली की हातातले काम टाकून बसावे आणि एक फवारा घ्यावा. पाच मिनिटांत कळ कमी झाली नाही किंवा वाढू लागली, तर तत्क्षणी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, आणि ती येईपर्यंत पाच-पाच मिनिटांच्या अंतराने आणखी दोन वेळा फवारा घेण्यास हरकत नाही. पंधरा मिनिटांत तीनहून अधिक फवारे घेऊ नयेत. ‘तीनही संपू देत, मग बघू’ ही चाल चुकीची आहे. तीन ही औषधाची कमाल मर्यादा आहे, थांबण्याची मुदत नव्हे. दरदरून घाम फुटला, श्वास लागला, शुद्ध हरपू लागली, तर पाच मिनिटेही पाहत बसू नये. अशा प्रसंगी स्वतः स्कूटर काढून दवाखान्यात जाणे, किंवा मुलाच्या मागे बसून जाणे, हे धाडस करू नये. अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून खाण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे, कारण ती ज्यांना चालते त्यांना अशा वेळी तिचा खरा उपयोग होतो, आणि ज्यांना तिचे वावडे आहे किंवा ज्यांना रक्तस्रावाचा त्रास आहे त्यांना ती अपायकारक ठरते.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. नवी कुपी घरी आणली की तिच्यातील पंपात प्रथम हवा असते. म्हणून सोबतच्या कागदावर सांगितले असेल तितक्या वेळा ती हवेत, कोणाच्या तोंडावर उडणार नाही अशा बेताने, दाबून घ्यावी लागते, आणि कित्येक आठवडे ती वापरली गेली नसेल तर हाच विधी पुन्हा करावा लागतो. हे न केल्यामुळे ऐन वेळी पहिला दाब कोरडा जातो, आणि माणसाला वाटते की औषध घेतले पण लागू पडले नाही. कुपी उभी धरावी, तोंडाजवळ आणावी, जीभ वर उचलून तिच्याखाली फवारा मारावा आणि लगेच तोंड मिटावे. दम्याच्या पंपाप्रमाणे श्वास आत ओढू नये. लगेच गिळू नये, चूळ भरू नये, पाणी पिऊ नये. कारण पोटात गेलेले हे औषध रक्ताबरोबर आधी यकृतात जाते आणि तेथे त्याचा बहुतेक अंश नष्ट होतो, तर जिभेखालच्या नाजूक त्वचेतून ते थेट रक्तात उतरते आणि एक ते तीन मिनिटांत काम करू लागते. बसूनच घ्यावे, याचे कारण रक्तदाब एकदम उतरतो. उभ्याने घेतलेल्या फवाऱ्यानंतर भोवळ येऊन पडलेली आणि डोक्याला मार लागलेली माणसे डॉक्टरांच्या नेहमीच्या परिचयाची असतात. अगदी आडवे होणेही टाळावे, कारण आडवे झाल्यावर पायांकडचे रक्त हृदयाकडे परत येऊन त्याचा भार वाढतो. चक्कर आलीच, तर मात्र खुशाल आडवे होऊन पाय उचलून ठेवावेत.

नायट्रोग्लिसरीन म्हणजे सुरुंगाची दारू, ती तोंडात कशी घ्यावी, अशी भीती काही सुशिक्षितांच्याही मनात असते. द्रव्य तेच आहे. इटलीतील तुरीन येथे अस्कानिओ सोब्रेरो यांनी 1847 साली ते प्रथम तयार केले, आणि जिभेला लावून पाहिल्यावर त्यांचे डोके भयंकर दुखले; आल्फ्रेड नोबेल यांनी 1867 साली त्यापासून केलेल्या डायनामाइटचे पेटंट घेतले; आणि लंडनच्या विल्यम मरेल यांनी 1879 साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहून हृदयशूलावर ते गुणकारी असल्याचे दाखवून दिले. खुद्द नोबेल यांनाही अखेरच्या दिवसांत हृदयविकारासाठी डॉक्टरांनी हेच औषध सांगितले होते. परंतु एका फवाऱ्यात ते सामान्यतः 400 मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी, आणि तेही द्रावणात विरघळलेले असते. त्याचा स्फोट होण्याची शक्यता नाही. धोका असलाच तर तो आगीचा आहे, कारण अनेक कुप्यांतील द्रावणात मद्यार्क असतो. तेव्हा देवघरातील निरांजनापाशी किंवा पेटत्या विडीशेजारी फवारा उडवू नये.

डोकेदुखीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. फवारा घेतल्यावर डोके ठणकते, चेहरा लाल होतो, कानशिले उडतात. हे औषधाच्या नेहमीच्या परिणामांपैकीच आहे, आणि एवढ्यावरून ‘मला हे सोसत नाही’ म्हणून कुपी फडताळात टाकून देणे बरोबर नाही. याच्या दुसऱ्या टोकाला सवयीची भीती आहे: आत्ताच वापरले तर पुढे लागू पडणार नाही, म्हणून कळ सोसत बसणारे वृद्ध पुष्कळ घरांत आढळतात. या भीतीला आधार नाही असे नव्हे. डायनामाइटच्या कारखान्यातील मजुरांचे डोके सोमवारी दुखे, आठवड्यात ते राही, आणि सुट्टीच्या दिवशी काहींच्या छातीत कळा येत, अशी नोंद आहे. अहोरात्र हे द्रव्य शरीरात राहिले की त्याचा प्रभाव ओसरतो. म्हणूनच छातीवर लावावयाच्या पट्ट्या आणि दीर्घकाळ काम करणाऱ्या गोळ्या देताना दिवसातून सुमारे 10 ते 12 तास शरीर औषधमुक्त राहील अशी तजवीज डॉक्टर करतात. अधूनमधून घेतलेल्या फवाऱ्याला मात्र ही गोष्ट लागू नाही, आणि त्याचे व्यसनही लागत नाही. किंबहुना ज्यांना जिना चढताना हमखास कळ येते त्यांनी डॉक्टरांच्या संमतीने पाच-दहा मिनिटे आधी फवारा घेणे हा या औषधाचा मान्य उपयोग आहे.

आता जी गोष्ट चारचौघांत बोलली जात नाही ती स्पष्ट लिहिली पाहिजे. पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवर घेतल्या जाणाऱ्या सिल्डेनाफिल, टाडालाफिल या जातीच्या गोळ्या आणि नायट्रोग्लिसरीन एकत्र आली की रक्तदाब इतका कोसळू शकतो की त्यात मृत्यू ओढवावा. सिल्डेनाफिल घेतल्यापासून 24 तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून 48 तास फवारा वर्ज्य समजावा. त्या अवधीत छातीत दुखले तर फवारा न घेता 108 ला बोलवावे आणि आलेल्या डॉक्टरांना गोळी घेतल्याचे प्रथम सांगावे. ज्यांच्यापाशी फवाऱ्याची कुपी आहे त्यांनी या गोळ्यांच्या वाटेला जाऊच नये. हीच द्रव्ये प्रोस्टेटच्या वाढीवर आणि फुप्फुसांतील वाढलेल्या रक्तदाबावरही दिली जातात, म्हणजे ती घेणाऱ्यांत स्त्रियाही असतात. संकोचाने ही माहिती घरच्यांपासून आणि डॉक्टरांपासून दडविली जाते, आणि रुग्णशय्येपाशी बायकामुले उभी असताना ‘तशी काही गोळी घेता का’ असे विचारण्याचा संकोच कधीकधी विचारणाऱ्यालाही होतो. दोन्ही बाजूंनी हा संकोच टाकला पाहिजे, असे मी कळकळीने सांगतो.

आपल्याकडे फवाऱ्यापेक्षा जिभेखालच्या गोळीचाच, विशेषतः सॉर्बिट्रेटचा, प्रचार अधिक आहे, आणि ‘माझ्याकडे आहे, एक ठेवा जिभेखाली’ अशा सद्भावनेने ती शेजाऱ्याला देण्याची पद्धतही आहे. सॉर्बिट्रेट ही याच कुळातील, पण थोडी सावकाश लागू पडणारी निराळी गोळी आहे. झटक्यात हृदयाचा उजवा कप्पा सापडला असेल, महारोहिणीच्या मुखाशी असलेली झडप फार अरुंद झाली असेल, किंवा रक्तदाब आधीच उतरलेला असेल, तर या कुळातील कोणतेही औषध रुग्णाला अधिक खोल गर्तेत ढकलते, आणि हे बाहेरून पाहून कोणालाच कळत नाही. दुसऱ्याचे औषध देण्यापेक्षा रुग्णवाहिका बोलावणे हीच शेजाऱ्याची खरी मदत होय. नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या तर उघड्या पडल्या की उडून जातात. त्या मूळ काचेच्या बाटलीतच ठेवाव्यात, पुडीत किंवा प्लास्टिकच्या डबीत काढू नयेत. फवारा त्या मानाने टिकाऊ असतो, तरी त्यावरची मुदत पाहत राहावे.

शेवटी तारखेविषयी. तज्ज्ञांनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली, म्हणजे तीन आठवडे धोका नाही असा दाखला दिला, अशी समजूत करून घेतली जाते. ती तारीख त्या दिवशी सांगितलेल्या लक्षणांवरून दिलेली असते. लक्षणे बदलली की ती रद्द समजावी. पूर्वी दोन जिने चढल्यावर येणारी कळ आता अंगणातच येऊ लागली, दिवसाआडची रोज येऊ लागली, बसल्या जागी किंवा झोपेतून उठवून येऊ लागली, फवाऱ्याला पूर्वीपेक्षा उशिरा दाद देऊ लागली, तर कळ त्या वेळी शमलेली असली तरीही त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेह्यांत, वृद्धांत आणि स्त्रियांत कळ ठळक नसतेही. धाप, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात जडपणा, पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थता एवढ्यावरच विकार प्रकट होतो, आणि आधी काढलेला कार्डिओग्राम निर्दोष होता एवढ्याने त्याची शक्यता मिटत नाही. म्हणून या मुदतीत एक लहान वही करून तारीख, वेळ, त्या वेळी चालू असलेले काम, कळ किती मिनिटे राहिली आणि फवारे किती लागले, एवढा तपशील लिहीत जावा. तज्ज्ञांकडे जाताना ही वही, जुने कार्डिओग्राम, चालू असलेल्या सर्व औषधांची यादी आणि खुद्द कुपी बरोबर न्यावी. आणि उपचार काहीही ठरोत, फवाऱ्याचे यापुढे काय करायचे हे विचारूनच बाहेर पडावे, कारण रोहिणीत स्टेंट बसविल्यानंतरही पुष्कळांना ती कुपी जवळ ठेवण्यास सांगितले जाते.