सारसाची साद

कुबड्या देवमाशाचे गीत स्थिर नसते. रॉजर पेन व स्कॉट मॅक्वे यांनी १९७१ साली या गीताच्या रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले. एका सागरी भागातील नर एकच गीत गातात आणि ते वर्षागणिक पालटत जाते, असे पुढील निरीक्षणांतून दिसून आले. निळ्या देवमाशाचा स्वर तर १९६० च्या दशकापासून खाली उतरत असल्याचे २००९ मध्ये मांडण्यात आले. गोंदिया जिल्ह्यास समुद्र नाही; परंतु असाच एक प्रश्न येथील धानाच्या बांध्यांतही ऐकू येतो, तो सारस पक्ष्यामुळे.

उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच अशा या पक्ष्याची श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळी घेऊन शिरलेली असते. त्यामुळे त्याचा तुतारीसारखा आवाज दूरवर पोचतो. नर व मादी माना उंचावून एका तालात साद घालतात आणि आपल्या हद्दीची ग्वाही देतात. ही साद देवमाशाच्या गीताप्रमाणे शिकलेली नसून मूलतः उपजत असते. तेव्हा चाल पालटत नाही. गाणारे मात्र पालटू शकतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सारसांच्या ११,५९१ नोंदींपैकी १९३ ठिकाणी जोडीऐवजी तिघे एकत्र आढळले, आणि तिघेही मिळून साद घालीत होते! अशी त्रिकुटे प्रामुख्याने निकृष्ट अधिवासात दिसली, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

महाराष्ट्रातील सारस आज मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यातच उरले आहेत. २००४ च्या सुमारास त्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी झाली होती. स्वयंसेवी कार्यकर्ते, शेतकरी व वन विभाग यांच्या प्रयत्नांनी ती पुढे वाढली खरी, तथापि विजेच्या तारा, कीटकनाशके आणि आटत चाललेले मालगुजारी तलाव व बोड्या यांचे संकट टळलेले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

सारस पावसाळ्यात घरटे बांधतो, व ते पुष्कळदा खाजगी बांधीतच असते. अंडी बहुधा दोन. उबविण्यास सुमारे एक महिना लागतो. तेवढे दिवस घरट्याभोवतीची निंदणी व फवारणी थांबविणे शेतकऱ्याच्या हाती आहे. त्यापायी होणारे धानाचे नुकसान एकट्या शेतकऱ्याने का सोसावे, हा प्रश्न मात्र ग्रामसभेपुढे येणेच योग्य.